ट्विन कार्ब टाकताय? आधी हिशोब मांडा

कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन लाखांची नवीकोरी बाइक उभी असते. शेजारी कुणाच्या तरी काकांची, रंग उडालेली आरएक्स हंड्रेड. गर्दी कुठे होते? अर्थात काकांच्या गाडीभोवती. एकजण किक मारून बघतो, दुसरा सायलेन्सरचा आवाज रेकॉर्ड करतो आणि तिसरा हमखास म्हणतो, 'याला मोठा कार्बेटर टाक ना भाऊ!'

हे वेड फक्त मुंबई-पुण्यात आहे असं समजू नका. कारंजा लाडमध्ये, मंगरूळपीरमध्ये, वाशिममध्येही एमएच ३७ पासिंगच्या जुन्या गाड्या शोधणारी पोरं आहेत. कुणाला राजदूत ३५० पाहिजे, कुणाला गोठ्यात उभी असलेली आजोबांची पद्मिनी पुन्हा चालू करायची आहे. आणि रील्स बघून बघून एक स्वप्न डोक्यात बसलेलं असतं: बॉनेट उघडलं की एका रांगेत उभे चार चकचकीत तोंडांचे कार्ब्युरेटर.

स्वप्न भारी आहे, वाद नाही. पण गेल्या पाच-सहा वर्षांत या स्वप्नाचं गणित पार बदललंय. पंपावरचं पेट्रोल बदललं, आरटीओची फी बदलली, कार्ब्युरेटर समजणारे हात कमी झाले. बाबांकडे पैसे मागण्याआधी हे गणित एकदा नीट बघून घ्या.

एकाच्या जागी चार कशाला?

कार्ब्युरेटरचं काम सोपं आहे. हवा आत जाताना एका चिंचोळ्या गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या ओढीने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर येऊन हवेत मिसळतं.

आता चार सिलिंडरच्या इंजिनाला एकच कार्ब्युरेटर असेल तर? पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन तसंच होतं. मधल्या सिलिंडरना जवळचा रस्ता, कडेच्यांना लांबचा. वाटेत पेट्रोलचे थेंब पाइपच्या भिंतींना चिकटतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला सारखं मिश्रण येत नाही. पंगतीत एकच वाढपी असल्यासारखं. पहिल्या पानावर गरम पोळी पडते आणि शेवटचा बिचारा वाट बघत बसतो.

प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा गळा दिला की ही अडचण सुटते. हवा जास्त मिळते, पिकअप सुधारतो. म्हणूनच फेरारी २५० जीटीओच्या १२ सिलिंडरना सहा जुळे वेबर म्हणजे १२ गळे होते. जॅग्वार ई-टाइपला तीन एसयू होते, एमजीबीला दोन. या एसयूची गंमत माहीत आहे? स्किनर नावाच्या, बुटांच्या धंद्यातल्या इंग्रज कुटुंबाने तो काढला आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये हवेनुसार हलणारा भाता चक्क चामड्याचा होता!

आपल्याकडे रस्त्यावर सर्रास दिसलेलं ट्विन कार्बचं उदाहरण म्हणजे राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून १९८३ मध्ये आणलेली ही गाडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोन मिकुनी कार्ब्युरेटर. 'हाय टॉर्क' ३०.५ बीएचपीची, नंतरची 'लो टॉर्क' २७ ची. त्या काळात एव्हरेज मोजणाऱ्या देशाने तिला फार जवळ केलं नाही. आज तिचेच मालक तोंडाला येईल तो भाव सांगतात.

पैसे नेमके कुठे जातात?

बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. आपण इंटरनेटवर कार्ब्युरेटरची किंमत बघतो, तिला दोनाने गुणतो आणि म्हणतो, 'जमतंय!' नाही जमत.

वेबर डीसीओई घ्या. मूळ इटलीतला हा जुळ्या गळ्यांचा आडवा कार्ब्युरेटर. चार सिलिंडरना दोन नग लागतात. पण प्रत्येक गळ्यात मेन जेट, आयडल जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब आणि चोक (गळ्यातली बदलता येणारी चिंचोळी नळी) असे पाच बदलते तुकडे असतात. चार गळे म्हणजे झाले वीस. तुमच्या इंजिनाला कुठला आकार चालेल हे पहिल्या फटक्यात कळत नाही, म्हणजे प्रत्येकाचे दोन-तीन संच हाताशी हवेत. त्यावर मॅनिफोल्ड, दोन्ही कार्ब एकाच वेळी उघडणारी लिंकेज, कमी दाबाचा पेट्रोल पंप किंवा रेग्युलेटर, नवे एअर फिल्टर. बाहेरून मागवलं तर कुरिअर, कस्टम ड्युटी आणि जीएसटी वेगळे. देशात घेतलेल्या सुट्या भागांवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता, तेवढा एक दिलासा.

स्वस्तातल्या नकलाही मिळतात. फोटोत ओळखू येत नाहीत. पण छिद्राचा आकार लिहिला तेवढा नसेल, किंवा दोन गळ्यांत फरक असेल, तर वाचवलेले पैसे ट्युनिंगमध्ये जातात, वर डोकं जातं ते वेगळंच. जुना कार्ब घेत असाल तर थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवून बघा. तो खुळखुळत असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि जगातला कुठलाही मिस्त्री ती गाडी स्लोवर नीट उभी करू शकत नाही. घासाघीस करायची तर या मुद्द्यावर करा, पॉलिशवर नको.

सगळ्यात मोठा खर्च मात्र बिलात दिसतच नाही. तो म्हणजे वेळ. समजा एक कार्ब सेट करायला दोन तास लागतात, तर दोनांना चार तास लागतील असं वाटतं. पण एकाला हात लावला की दुसऱ्याचं बिघडतं, परत मागे यावं लागतं. चांगला मिस्त्री या कामाचे दिवस मोजतो. तो जास्त पैसे सांगत असेल तर लुटतोय असं लगेच समजू नका. 'अर्ध्या तासात करून देतो' म्हणणाऱ्याला मात्र दुरूनच नमस्कार करा.

स्क्रू फिरवणं म्हणजे ट्युनिंग नव्हे

गाडी मिस मारते, लगेच पेचकस काढून हवेचा स्क्रू फिरवायचा, हा आपला राष्ट्रीय उद्योग. खरा क्रम उलटा आहे. कार्ब सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा व्हॉल्व्ह क्लिअरन्स. मग प्लग, पॉइंट आणि टायमिंग. मग मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा गळते का ते बघायचं. मग फ्लोटची पातळी, कारण बाउलमध्ये पेट्रोलची उंची कमी-जास्त असेल तर जेट बरोबर असूनही मिश्रण चुकतं. हे सगळं जागेवर आलं की मग दोन्ही कार्ब एकसारखी हवा ओढतात का ते तपासायचं. यालाच सिंक करणं म्हणतात.

सिंक करायला व्हॅक्यूम गेज किंवा हवेचा प्रवाह मोजणारं छोटं यंत्र मिळतं. जुन्या मिस्त्रीकडे मात्र रबरी नळीचा तुकडा असतो. एक टोक कानाला, दुसरं कार्बच्या तोंडाशी. दोन्हीकडे 'सुस्स' आवाज एकाच पट्टीत आला पाहिजे. राजदूत ३५० वर फिल्टर काढून दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बघतात. केबलमध्ये जराशी ढील वेगळी असली तरी एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा फरफटत येतो.

मिश्रण सगळ्यात शेवटी. एसयूमध्ये आतला पिस्टन हलकेच, अगदी मिलिमीटरभर उचलतात. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर पेट्रोल कमी. किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. मग रस्त्यावर चक्कर आणि प्लग काढून रंग बघणं. काळा, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे कमी. बदामी आला की मिस्त्री चहा सांगतो.

पांढऱ्या प्लगला हलक्यात घेऊ नका. पेट्रोल कमी म्हणजे एव्हरेज चांगलं, असं नसतं. इंजिन जास्त तापतं. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलबरोबर ऑइलही आत जातं. ज्यांनी ऑइल पंप बंद करून टाकीतच ऑइल मिसळायला सुरुवात केलीय, त्यांच्या गाडीत पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी होतं. पिस्टन जाम होतो, तोही चालत्या गाडीत. हा प्रश्न फक्त पैशाचा राहत नाही.

आणि आलं ई-२०

आता खरी बातमी. २०१३-१४ मध्ये आपल्या पेट्रोलमध्ये सरासरी १.५३ टक्के इथेनॉल होतं. २०२५ मध्ये आपण २० टक्क्यांवर पोचलो. हे लक्ष्य आधी २०३० चं होतं, सरकारने ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. पंपावर आज सर्रास जे मिळतं ते हेच, ई-२०.

याचा तुमच्या कार्ब्युरेटरशी संबंध काय? साधं गणित आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. मिश्रणाचा आकडा येतो सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण ७-८ टक्के जास्त इंधन पाहिजे. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला सांगतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो. जेट मात्र पितळेचं छिद्र आहे. त्याला काय कळणार पंपावर काय बदललं? ते जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडत राहतं आणि काल बदामी असलेला प्लग आज पांढरा होतो.

उपाय आहे, आणि तो वहीत मांडता येतो. वेबरच्या जेटवर १२० लिहिलेलं असेल तर छिद्र १.२० मिलिमीटरचं. त्याऐवजी १२५ घातला तर व्यास वाढतो चार टक्के, पण क्षेत्रफळ वाढतं साडेआठ टक्के, कारण व्यासाचा वर्ग होतो. एका आकाराने मोठा जेट घातला की बहुतेक फरक भरून निघतो. बारावीच्या गणिताचा असा उपयोग होईल हे कुणी सांगितलं होतं? फक्त लक्षात ठेवा, चार गळे असतील तर चार जेट बदलायचे आणि वरचं सगळं सिंक पुन्हा तपासायचं.

दुसरी भानगड रबराची. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये ई-२० सहन करणारं साहित्य असतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या पाइपला, ओ-रिंगला आणि नीडलच्या टोकाला इथेनॉलची सवय नाही. ते फुगतात, भेगाळतात, कार्ब ओव्हरफ्लो होतो. त्यात इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि तेच आधी बाउलमध्ये उतरतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करा. इथेनॉलला चालणारे नवे पाइप टाका. हा शे-पाचशेचा खर्च वाचवू नका.

सरकारचं म्हणणं काय? परदेशी तेलाचा खर्च वाचतो, शेतकऱ्याला पैसे मिळतात, मायलेज जरासंच घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आकडे आहेत: जुन्या रचनेच्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के घट, दुचाकींमध्ये ३ ते ४ टक्के, आणि नव्याने जुळवलेल्या चारचाकींमध्ये १ ते २ टक्के. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय पंपावर ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

'शेतकऱ्याला पैसे मिळतात' हा मुद्दा आपल्याला वाशिम जिल्ह्यात बसून जरा बारकाईने बघावा लागतो. इथेनॉल उसापासून होतं, तसं मक्यापासून आणि तांदळापासूनही होतं. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, डीडीजीएस, पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो आणि सोयाबीनच्या ढेपेशी स्पर्धा करतो. तेल उद्योगाने याची तक्रार वारंवार केलीय. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. बाजार समितीत काय मिळालं ते घरी विचारा. म्हणजे त्याच धोरणाने मका पिकवणाऱ्याला हात दिला आणि सोयाबीनवाल्याच्या भावावर दाब आणला. इथेनॉल वाईट, असा याचा अर्थ नाही. पण पर्याय न ठेवता केलेल्या बदलाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

कागदावर गाडी कुठे बसते?

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांवरची, खासगी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.

आता तुमची गाडी बघा. १९८३ ची राजदूत ३५० व्हिंटेज होणार २०३३ मध्ये. पद्मिनी हे नावच १९७४ मध्ये आलं, म्हणजे अगदी पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत. मधल्या वयाच्या गाड्यांना 'वारसा' म्हणून कुठेच जागा नाही. त्या फक्त 'जुन्या'. आणि जुन्यांची फी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली: २० वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायला दुचाकीला २,००० रुपये, मोटारीला १०,०००, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

त्यात तुम्ही एक कार्ब काढून चार गळे बसवले तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. उद्या व्हिंटेज नोंदणीची वेळ आली की इंजिनात केलेला मोठा बदल तिथेही आडवा येतो. म्हणजे ज्या गाडीला मुळात ट्विन कार्ब होते तिचे जपणं हा शौक. ज्या गाडीला नव्हते तिला ते घालणं म्हणजे पैसे खर्चून तिची कागदावरची किंमत कमी करणं. मूळ सोलेक्स काढलाच असेल तर विकू नका. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा. उद्याचा गिऱ्हाईक आधी तोच मागेल.

मग कारंज्याच्या पोराने काय करावं?

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर गेला. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. आज गॅरेजात शिकायला येणारं पोरगं पहिल्या दिवशी स्कॅनर हातात घेतं. यात काही चूक नाही, पोट त्यावरच भरणार आहे. पण यामुळेच कानाला नळी लावणारा मिस्त्री आता पन्नाशी-साठीचा आहे आणि त्याच्यामागे कुणी नाही.

इथे संधी आहे, पण तिच्यावर लाखोंची स्वप्नं बांधू नका. महागड्या जुन्या मोटारींचे मालक मुंबई, पुणे, नागपूरला आहेत. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला आणि तो कारंज्याहून जातो, तेव्हा अंतर कमी झालंय हे खरं. (त्याच महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, म्हणजे आरडी दामटायचा बेत असेल तर विसरा!) रोजचं काम मात्र गावातच आहे. फवारणीचे पेट्रोल पंप, ब्रश कटर, छोटे जनरेटर. या सगळ्यांत आजही कार्ब्युरेटर आहे, त्यांतही तेच ई-२० पडतं, आणि हंगाम संपला की ते टाकीत पेट्रोल ठेवूनच कोपऱ्यात उभे राहतात. ऐन फवारणीत पंप बंद पडला तर शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. ज्याला फ्लोट, जेट आणि प्लगचा रंग कळतो त्याला पहिलं गिऱ्हाईक इथे मिळेल. पद्मिनी नंतर येईल.

यंत्र नुसत्या प्रेमाने टिकत नाही, हे आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची आपली शकुंतला. तिचं मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत सत्तरेक वर्षं धावलं, कारण ते दुरुस्त करणारे हात होते. आज शकुंतलेवर प्रेम करणारे भरपूर आहेत आणि गाडी बंद आहे.

तेव्हा जुनी गाडी घ्यायची असेल तर जरूर घ्या. पण कर्ज काढून चार गळे बसवण्याआधी आहे तो एक कार्ब्युरेटर स्वतः उघडा. जुन्या मिस्त्रीकडे सुट्टीत महिनाभर बसा, चहा सांगा, विचारत राहा आणि वहीत लिहा: कुठल्या गाडीला कुठला जेट, स्क्रू किती फेऱ्या बाहेर, ई-२० वर प्लगचा रंग कसा आला. ही माहिती अजून त्याच्या डोक्यात आहे. छापील कुठेच नाही.